सरदाराचे पाय

पाणमांजराला मागचे पाय असतात, ही गोष्ट आमच्या अख्ख्या कार्टून स्टुडिओत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. सिनेमा जाहीर झाला, पटकथा पक्की झाली, नवी माणसं कामाला घेतली, आणि मग कुंभाराने सरदार या आमच्या पाणमांजराची जुनी फाइल उघडली. कुंभार म्हणजे आमच्याकडे कॉम्प्युटरवर प्राण्यांची शरीरं घडवणारा. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "ताई, हा कमरेपाशी संपतो."

राजकन्येच्या पहिल्या सिनेमात सरदार नदीत होता. तिला पैलतीरी पोचवायचं, एवढंच त्याचं काम. कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा, मिशांना पीळ द्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हुकूम सोडायचा. तेवढ्यावरच पठ्ठ्याने सिनेमा खाऊन टाकला. पोरं थिएटरातून बाहेर पडताना राजकन्येचं नावही काढत नव्हती. पाण्याखालचं कोण बघतंय म्हणून तेव्हा त्याला पाय केलेच नव्हते, आणि ते बरोबरच होतं, वेळ वाचला होता. पण आता सरदाराचा स्वतंत्र सिनेमा निघाला होता. त्यात नदी आटते, आणि पाणी कुणी अडवलं याचा जाब विचारायला सरदार डोंगर ओलांडून राजाच्या दरबारात जातो. नायकाला पायपीट होती आणि पाय नव्हते.

गोष्ट माझी आणि दिग्दर्शनही माझंच होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमातली जनावरं चालवली, पळवली, रडवली. आता कुठे स्वतःचा सिनेमा हाती आला होता आणि तो मी सहजासहजी सोडणार नव्हते.

पाय कुंभाराने चुटकीसरशी केले. आखूड, जाडजूड, बोटांमध्ये पडदे. घोडं अडलं ते चालण्यापाशी. निर्मातीणबाईंनी सांगून टाकलं, "चालण्याचा एक तुकडा दाखवा. पटला तर सिनेमा तुमचा. नाही तर दुसरा स्टुडिओ तयार आहे, त्यांच्याकडे दिग्दर्शकही आहे." बाई गोड बोलतात, पण बोलल्या की बोलल्या. त्यांच्याबरोबर खेळणी विकणारे एक गृहस्थ असतात. आम्ही त्यांना बाजारवाले म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की सरदाराने छाती काढून माणसासारखं ताठ चालावं, म्हणजे बाहुली टेबलावर उभी राहते.

आमच्या धंद्यात जनावर चालवायच्या आधी स्वतः तसं चालून बघायचं असतं. त्यासाठी आरशांची एक खोली आहे. कॅमेरा लावायचा आणि लाज दाराबाहेर ठेवून यायची. त्या खोलीत मी बदक झालेय, म्हातारी घोडी झालेय, एकदा तर तापाने फणफणलेला ड्रॅगनही झालेय. पण सरदार काही होता येईना. ताठ चालवला की तो कुठलाही भाडोत्री शिपाई दिसे. चारही पायांवर चालवला की नुसतंच पाणमांजर. घरी गुडघ्यांना पट्टा बांधून बैठकीच्या खोलीत फेऱ्या मारल्या, तर लेकीने विचारलं, "आई, लंगडी खेळतेयस की पडतेयस?" नवऱ्याने मुकाट्याने काचेचं टेबल भिंतीला सरकवलं.

सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. त्या आमच्याकडेच राहतात. आयुष्यभर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेतून. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर त्या कुणासमोर चालत नाहीत. खिडकीशेजारच्या खुर्चीतून घर चालवतात. यावर आम्ही कधी अवाक्षर काढलेलं नाही. पण त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला की नवरा पेपरात तोंड खुपसतो, लेक दप्तर उपसायला लागते आणि मला गॅसवरचं काहीतरी ढवळावंसं वाटतं. वळून बघावं तो सासूबाई दुसऱ्या खोलीत पोचलेल्या असतात.

एका दुपारी विसरलेला चार्जर न्यायला मी घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या आरशात सासूबाई दिसल्या. त्या उठल्या, आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, आणि ओठ घट्ट मिटून भराभर, आखूड पावलं टाकत निघाल्या. तेवढ्यात शेजाऱ्यांचं दार धाडकन वाजलं. त्या जागच्या जागी थांबल्या. एक हात भिंतीवर, हनुवटी वर, आणि नजर अशी, जणू भिंतीचा रंग तपासायलाच तिथवर आल्या होत्या. सगळं शांत झाल्यावर पुन्हा ती पावलं सुरू झाली.

मी चपला हातात घेऊन जिना उतरले आणि पुन्हा वर येऊन बेल वाजवली. हसू येत होतं. सासूबाईंवर माझं इतकं प्रेम आहे, हे मला त्या जिन्यातच कळलं. आणि सरदार कसा चालतो, तेही.

तुकडा असा झाला. कोरड्या नदीपात्रातून सरदार तुरूतुरू चाललाय. दगडावरचे बेडूक वळून बघतात. सरदार थांबतो, मिशांना पीळ देतो, वाऱ्याची दिशा अजमावल्यासारखं करतो. बेडूक कंटाळून तोंड फिरवतात की तुरूतुरू पुन्हा सुरू. दाखवायच्या दिवशी निर्मातीणबाई पोट धरून हसल्या. बाजारवाले हसले नाहीत. म्हणाले, "पण नायक चालतो कुठे? कुणी बघितलं की हा थांबतोच."

"ते मला आवडलंय," बाई म्हणाल्या. "फक्त शेवटी त्याला दरबारात सगळ्यांच्या देखत चालू दे. लाज टाकेल, टाळ्या पडतील. एवढं कबूल करा, सिनेमा तुमचा."

कुंभाराने टेबलाखालून माझा पाय दाबला. हो म्हणायचं होतं फक्त.

"नाही," मी म्हणाले. "तो कुणाच्या देखत चालणार नाही. दरबार तोंड फिरवेल. आधी राजकन्या खिडकीबाहेर बघायला लागेल. तिचं बघून राजा मुकुट पुसायला घेईल. शिपाई छताकडे बघतील. आणि सरदार भर दरबारातून चालत सिंहासनापर्यंत जाईल."

"मग त्याला बघणार कोण?"

"थिएटरातली पोरं. त्याला ते कळणारही नाही."

बाजारवाल्यांनी विचारलं, "एवढी माणसं एका पाणमांजरासाठी माना कशाला फिरवतील?"

"त्यांना तो हवाय म्हणून."

मी मनातल्या मनात टेबल आवरायला घेतलं होतं. मग बाई बाजारवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "बाहुली बसकी करा." आणि मला म्हणाल्या, "सिनेमा तुमचा. शेवटही हाच."

घरी जेवताना मी सगळं सांगितलं. आनंदात माणसाचं तोंड सुटतं, तसं माझं सुटलं. बेडूक सांगितले, बाजारवाल्यांची नक्कल केली, आणि त्याच भरात दरबारही सांगितला. राजापर्यंत आले तेव्हा नवऱ्याचा घास हातातच राहिलेला दिसला. लेक माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सासूबाई पाणी प्यायल्या. भांडं खाली ठेवलं.

"म्हणजे दरबाराला ठाऊक असतं," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आणि पहिल्यापासून?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याशी आजवर कुणाचं खोटं टिकलेलं नाही. मी मान हलवली.

त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं, शाळेत ओळीने उभ्या केलेल्या पोरांकडे बघावं तसं. रागावतील असं वाटलं. रडतील असंही वाटलं, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. मग त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला.

"मग आज काय झालंय?" त्या म्हणाल्या. "बघत काय बसलात माझ्याकडे?"