अनंतावर आणल्याशिवाय झाकण लागत नाही

मार्लिसचे वडील, एर्विन हाउक, फेब्रुवारीत वारले तेव्हा त्यांच्या कामाच्या टेबलावर एक कॅमेरा पोट उघडून पडलेला होता. भिंगाचे सुटे भाग मफिन भाजायच्या ट्रेमध्ये, एकेका खळग्यात एकेक, काढले त्या क्रमानं मांडलेले. आयुष्यात त्यांनी अर्धवट सोडलेलं तेवढं एकच काम.

मयतीच्या दिवशी काझ पिलार्स्की तो ट्रे आपल्या घरी घेऊन गेला. "धूळ बसेल, पोरी," म्हणाला. काझ आणि बाबा रॉचेस्टरच्या एकाच कारखान्यात भिंगं घासत म्हातारे झाले होते. दुःखात काही माणसं बोलतात, काही पितात. काझ साफसफाई करतो. त्यानं ट्रेमधला प्रत्येक भाग लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवला, मऊ फडक्यानं पुसला आणि चांदीसारखा लख्ख केला. त्या लख्खपणात बाबांनी केलेली खूण पुसली गेली.

खुणेवाचून सगळं अडतं. भिंग पुढंमागं सरकतं ते एकात एक फिरणाऱ्या दोन पितळी नळ्यांवर. नळ्यांना आटे असतात, पण बरणीच्या झाकणासारखी आत शिरायची वाट एकच नसते. सहा असतात. सहाही वाटांनी नळी गुमान आत जाते, खरी वाट मात्र एकच. चुकीच्या वाटेनं बसवलेलं भिंग नाकासमोरचं नीट दाखवतं आणि लांबचं धूसर. म्हणून नळ्या सुटतात त्याच क्षणी दोन्हींवर खूण करायची, हा पहिला धडा. जुन्या कॅमेऱ्यांच्या हौशी मंडळींच्या क्लबात कुणी खूण करायला विसरलं की बाबा त्याला वर्षभर ऐकवत. स्वतः मात्र पितळेवर ओरखडा काढणं त्यांच्या जिवावर येई. ते पेननं केसाएवढी निळी रेघ ओढत.

एप्रिलअखेरीस, रविवारी, तळ्याकाठच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये क्लबचा जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार भरला. गेलेल्या सभासदाच्या घरच्यांना दाराजवळचं पहिलं टेबल फुकट द्यायची रीत होती. मार्लिसनं त्या टेबलावर बाबांचे कॅमेरे मांडले होते. लोक येत, कॅमेरा उचलत, आधी रोल गुंडाळायची कळ हलकेच फिरवून आत फिल्म नाही ना ते बघत, मगच मागचं दार उघडत. मग शटर कानाशी नेऊन ऐकत. दोघा-तिघांनी ऐकल्यावर डोळे मिटले. तिला बरं वाटलं.

तिला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. बाजार उठताना दरवर्षी हॉलसमोर सगळ्यांचा फोटो निघे. तो बाबा काढत, त्याच अर्धवट राहिलेल्या कॅमेऱ्यानं. यंदाचाही त्यानंच निघावा. भिंग कॅमेऱ्यात कायमचं बसवलेलं, तेव्हा दुसरं लावून भागणार नव्हतं. काझनं सकाळी येऊन जोडून देतो म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं.

आता काझ आणि डेस टेबलामागं डोक्याला डोकं लावून बसले होते. डेस निवृत्त दंतवैद्य. दात कोरायची जुनी हत्यारं तो कॅमेऱ्यांवर चालवायचा, आणि कॅमेरे ओरडत नाहीत म्हणून त्यांचं फार कौतुक करायचा.

"ग्रीससुद्धा ठेवलं नाहीस रे," डेस म्हणाला. "जुन्या ग्रीसवरून तरी कळलं असतं."

"घाण होती ती."

"एर्विनची घाण होती."

 काझनं नळी पहिल्या वाटेनं घातली, फिरवली, भिंगाभोवतीच्या कडीवरच्या आडव्या आठाच्या चिन्हापर्यंत आणली. आडवा आठ म्हणजे अनंत. तिथं भिंग आणलं की लांबचं सगळं लख्ख दिसायला हवं. कॅमेऱ्याच्या पाठीत, फिल्म असते त्या जागी, काझनं दुधी चिकटपट्टी ताणून लावली होती. त्या पट्टीवर चित्र उमटतं. गावाबाहेरची पाण्याची टाकी बघायची, तिच्या शिडीच्या पायऱ्या मोजता आल्या की वाट बरोबर. काझ कॅमेरा घेऊन दाराबाहेर गेला आणि तसाच परत आला.

"टाकी नाही."

"नाही म्हणजे?"

"धुकं. तळ्यावरून आलंय. पार्किंगच्या पलीकडं जगच नाही."

डेस उठून बघून आला. "खरंच. आज अनंताला सुट्टी आहे."

"मग जवळचंच काहीतरी बघा ना, काझकाका," मार्लिस म्हणाली. "ती लाल गाडी?"

"जवळचं काय, पोरी, चुकीच्या वाटेनंही दिसतं. कडी जराशी इकडंतिकडं फिरवली की झालं. जवळचं आपण म्हणू ते कबूल करतं. खरं बोलतं ते फक्त लांबचं."

काझची बायको फिलोमेना शेजारच्या टेबलावर पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्या, विकत होती. तिनं हात पुसले. "मला एक सांगा. फोटो किती लांबून काढणार?"

"पंधरा फुटांवरून," डेस म्हणाला.

"मग तुम्हाला अनंत कशाला हवंय? पंधरा फूट दिसले की झालं."

दोघा म्हाताऱ्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं चर्चमध्ये शिट्टी वाजवली.

"फिलो," काझ हळू आवाजात म्हणाला, "जे भिंग अनंताला पोचत नाही, त्यानं एर्विनच्या क्लबाचा फोटो काढायचा?"

"त्यात काय दिसणार आहे कुणाला?"

"आपल्याला ठाऊक असेल ना!"

"चाळीस वर्षं झाली या माणसाशी लग्नाला," फिलोमेना मार्लिसला म्हणाली. "घराचं छप्पर गळतंय, ते चालतं. भिंग मात्र अनंताला पोचायला हवं." पण तिनं दोघांपुढं पिरोगीची बशी सरकवली.

मार्लिसला हसू आलं. फिलोमेनाचं खरं होतं. पण बाबा असते तर तेही काझच्याच बाजूनं हिरिरीनं भांडले असते.

दुपार कलली तरी धुकं हललं नाही. लोक सामान बांधू लागले. "पुढच्या वर्षी काढू," डेस म्हणाला, आणि पुढच्या वर्षी आपण किती असू हे मनात आल्यासारखा हॉलमधली डोकी मोजू लागला. काझनं सुटे भाग पुन्हा ट्रेमध्ये मांडायला घेतले. 

तेवढ्यात टोपीवाला एक गृहस्थ मार्लिसच्या टेबलाशी आला. त्यानं बाबांच्या त्या कॅमेऱ्याचं रिकामं चामडी केस उचललं, पुढं नाकाडासारखा फुगवटा असलेलं. आपल्या गळ्यातला कॅमेरा काढून त्यात बसवला. बाबांच्या कॅमेऱ्याच्याच घराण्यातला, पण धाकट्या पिढीतला. झाकण ओढलं. लागेना. त्यानं जोर केला.

"दाबू नका," मार्लिस नकळत बोलून गेली. "अनंतावर आणा. अनंतावर आणल्याशिवाय झाकण लागत नाही."

बोलली आणि जागच्या जागी थिजली. वाक्य तिचं नव्हतंच. लहानपणी प्रत्येक सहलीत, प्रत्येक वाढदिवसाला बाबा हे वाक्य बोलत. कॅमेरा परत ठेवायचं काम तिचं असे, आणि ती झाकण दाबून बसवायला बघे.

"माफ करा," ती त्या गृहस्थाला म्हणाली, "हे केस विकायचं नाही."

"पण किंमत लिहिलीय की!"

"चूक झाली माझी."

त्यानं कुरकुरत कॅमेरा काढून घेतला. तिनं केसच्या नाकाडात बोट घातलं. आतल्या मखमलीवर एक वर्तुळ झिजून गुळगुळीत झालं होतं. भिंगाच्या काठानं झिजवलेलं, भिंग आत जाऊन अनंतावर टेकलेलं असताना, इतकी वर्षं, जिथल्या तिथं.

"काझकाका," ती म्हणाली, "टाकी राहू दे. हे बघा."

काझनं बघितलं. मग डेसनं दात तपासायचा छोटा आरसा आत घालून बघितलं. "वा," तो म्हणाला, "काय सुंदर झीज आहे!"

मग तिघांनी एकेक वाट लावून पाहिली. नळी घालायची, आडव्या आठावर आणायची, कॅमेरा केसमध्ये बसवायचा, झाकण ओढायचं. पहिल्या वाटेला झाकण अडलं. दुसऱ्या वाटेलाही. मग काझनं घाईत एक वाट सोडून चौथी घातली. तिला लागलं, पण भिंग आत खुळखुळत होतं, मखमलीपासून चांगलं लांब. "हे फार आत गेलं," काझ पुटपुटला. "मधली... मधली कुठली राहिली?" त्यानं नळी काढली, एक वाट मागं सरकवली, पुन्हा बसवली. मार्लिसनं स्वतः झाकण ओढलं.

टक्.

लहानपणीचाच आवाज. डेसनं आरसा घालून पाहिलं. काठ बरोब्बर त्या गुळगुळीत वर्तुळात टेकला होता.

"एर्विननं खूण केली होती," काझ म्हणाला. "माझ्या पेट्रोलनं न जाणारी." मग त्यानं रुमाल काढला आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिला. फिलोमेना म्हणाली, "पेट्रोल चढलं असेल," आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

काझनं पाठीतली पट्टी काढली आणि आत रोल भरला. हॉलसमोर सगळे उभे राहिले, थंडीत खांदे आखडून, मागं नुसतं पांढरं. मार्लिस पंधरा फुटांवर उभी राहिली. तिनं कडी फिरवली, कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत ते सगळे तिच्याकडं बघत होते, खरं तर तिच्या जागी नसलेल्या बाबांकडं. कुणीच हसेना. बाबा दरवर्षी याच क्षणी एकच वाक्य ओरडत असत, आणि ते तिच्याही तोंडून निघून गेलं:

"अरे, कोणी मेलंय का? हसा की!"

 आधी फिलोमेनाच्या नाकातून आवाज आला. मग डेसच्या. मग सगळी रांग एकमेकांना धरून हसू लागली. तिनं कळ दाबली.

संध्याकाळी सामान गाडीत भरताना धुकं विरळ झालं आणि गावाबाहेर टाकी उगवली. काझ धावत आला. "बघू या, बघू या!"

"आता पाठ उघडता येणार नाही, काझकाका. आत रोल आहे."

"मग काढ फोटो तिचा! वाया गेला तर माझ्या नावावर."

तिनं कडी आडव्या आठावर आणली आणि टाकीचा फोटो काढला.

आठवड्यानं डेसनं न्हाणीघरात रोल धुतला आणि तिघांना घरी बोलावलं. सगळ्यांच्या फोटोत काझ रुमालात तोंड खुपसून हसत होता. म्हणजे तो म्हणत होता की हसत होता. टाकीच्या फोटोवर मात्र त्यानं भिंग धरलं आणि वाकून शिडीच्या पायऱ्या मोजायला लागला, मोठ्यानं, वरपर्यंत. एकही चुकली नाही.

"पोचतंय," तो म्हणाला. "पार पोचतंय."

घरी निघताना त्यानं विचारलं, "आता हा कॅमेरा कुणाला देणार?"

"कुणाला नाही," मार्लिस म्हणाली. तिनं कडी उगाच पुढंमागं फिरवून पाहिली, तो केसमध्ये ठेवला, झाकण ओढलं. लागेना. काझ आणि डेस एकदम ओरडले. तिनं हसून कडी आडव्या आठावर आणली आणि पुन्हा ओढलं.