पोटातलं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना, मुठीत मावणारा डिजिटल कॅमेरा आहे, आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोकांना वाटतं, कॅमेऱ्याला कसली आली भीती? डोळा उघडायचा, डोळा मिटायचा, संपलं काम. पण ज्याच्या पोटात काहीतरी आहे आणि ज्याला ते सांगायला तोंड नाही, त्याचे हाल त्यालाच ठाऊक. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसा माझ्यामागे दोन शब्दांचा एक प्रश्न लागला आहे. तो माझ्याच पडद्यावर उमटतो: ‘डिलीट ऑल?’

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. तिथून मी मुंबईत आलो तो थेट लालबागच्या एका चाळीत, रामदास आजोबांच्या खोलीत. मला घेण्याआधी त्यांच्या मुलाने, विकासने, अख्खी चाळ पालथी घातली होती. कोणी म्हणे मेगापिक्सेल बघ, कोणी म्हणे झूम बघ, कोणी म्हणे नाव बघ. विकासचं डोकं भणाणून गेलं. शेवटी आजोबांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, “हेचे सेल पानपट्टीवर गावतत?” दुकानदार हो म्हणाला. “मग ह्योच द्या,” आजोबा म्हणाले. त्यांच्या गावी तेव्हा वीज यायची कमी आणि जायची जास्त. चार्जर लागणारा कॅमेरा तिथे काय कामाचा? अशा रीतीने मी निवडला गेलो.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण माझी चांगली काही वर्षं मजेत गेली. बारशी, मुंज, चाळीच्या गॅलरीतली हळद, सगळीकडे मला मान. माझ्या दोरीत मनगट अडकवल्याशिवाय मला कोणी उचलायचं नाही, असा आजोबांचा नियम होता. विकासची मुलगी अपेक्षा तेव्हा बालवाडीत होती. तिला मी फार आवडायचो, आणि मला तिच्या चिकट बोटांची फार भीती वाटायची.

आता खरी गोष्ट सांगतो. कोकणातल्या माणसांच्या घरी गणपतीला निरोप देण्याआधी गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता माणूस देवापुढे हात जोडून उभा राहतो, पूर्वजांची, गावच्या देवांची नावं घेतो, चुकलंमाकलं पदरात घे म्हणतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एका सुरात होकार द्यायचा: “व्हय म्हाराजा!” आजोबांचं गाऱ्हाणं चाळीत प्रसिद्ध होतं. त्यांचं सगळं आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात गेलेलं. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे देवाशी बोलायचे तेही वरच्या मजल्याला ऐकू जाईल असं.

त्या वर्षी आरतीचे फोटो धुऊन आणायला अपेक्षाची आई, प्रिती, माझं कार्ड काढून स्टुडिओत देऊन आली होती. मी कार्डाविना रिकामाच टेबलावर पडलो होतो. गाऱ्हाणं सुरू झालं आणि अपेक्षाने मला उचललं. दिसेल ते बटण दाबलं. मित्रांनो, माझ्यासारख्या कॅमेऱ्यांना कार्ड नसलं तरी पोटात जराशी जागा असते. त्या जागेत मी मुकाट्याने सगळं साठवू लागलो. काय दिसलं म्हणाल, तर चटई, दोनचार पावलं, कोणाच्या तरी साडीचे काठ आणि मध्येच अपेक्षाचं बोट. देव दिसला नाही, आजोबाही दिसले नाहीत. आवाज मात्र सगळा आला. माझी जागा संपली ती अगदी शेवटच्या होकारावर. “व्हय म्हा...” इथेच मी थांबलो.

दुसऱ्या दिवशी कार्ड परत आलं. आणि माझी एक खोड आहे. कार्ड आत असलं की मी फक्त कार्डातलंच दाखवतो, पोटातलं नाही. त्यामुळे ते गाऱ्हाणं कोणीच पाहिलं नाही. आपण काही केलं होतं हे अपेक्षाही विसरून गेली. लहानच होती.

पुढच्या गणपतीआधी आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. उजवा हातही गेला, म्हणजे लिहून देणंही नाही. तरी दरवर्षी ते देवापुढे उभे राहायचे. ओठ हलायचे, घशातून घरघर यायची, आणि ते श्वास घ्यायला थांबले की सगळं घर म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” घरात आता मोबाइल आले होते. मोबाइलवर ही सगळी वर्षं टिपलेली आहेत. पण ते सगळे हलणारे ओठ आहेत. शब्द फक्त माझ्या पोटात होते, आणि मी कपाटात, जुन्या स्वेटरांच्या खाली होतो.

अंधाराची भीती मला तेव्हापासून. ओल लागते, डोळ्यावर बुरशी धरते, सेल आतल्या आत गळून पोट जाळतात, असं मी ऐकून होतो. माझे सेल कोणीतरी काढून ठेवले होते, त्याचे उपकार. मी आपला मनात एकच जप करायचो: कोणीतरी कार्ड काढा, आणि एकदा बघा.

मग आजोबा गेले. त्यांच्यामागे आलेल्या पहिल्या गणपतीत विकासने गाऱ्हाणं घालायला मोबाइल हातात घेतला. कपाटाचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. कुठूनतरी शोधून काढलेलं गाऱ्हाणं तो वाचू लागला. दोन ओळी झाल्या आणि राधाबाई आजी म्हणाल्या, “थांब रे, विकास.”

“काय झालं, आई?”

“ह्यां दुसऱ्याच्या घरचां गाऱ्हाणां. हेच्यात आपली माणसां खंय आसत?”

आपला मूळपुरुष कोण, गावाची राखण करणारा देवचार कुठला, आणि आजोबा गिरणीतल्या माणसांसाठी म्हणायचे ती ओळ कशी होती, विकासला काहीच धड आठवेना. प्रिती म्हणाली, गावी फोन करून विचारू. गावीही कोणी उरलं नव्हतं. त्या वर्षी गणपती गाऱ्हाण्याविना गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी कपाटात ओरडून मेलो असतो, पण मला ओरडता येत नाही.

आणि यंदा अपेक्षाला जुन्या धाटणीचा कॅमेरा हवासा झाला. कॉलेजातल्या पोरांत ही नवीनच टूम निघाली आहे. मोबाइलचे फोटो म्हणे फार गुळगुळीत येतात! मला वाटलं, आपले दिवस आले. कपाट उघडलं, तिने मला काढलं, टीव्हीच्या रिमोटमधले सेल घातले आणि दोनचार फोटो काढले. मग म्हणाली, “पप्पा, हा स्लो आहे रे खूप. एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू?”

“देऊन टाक,” विकास म्हणाला. “कार्डातलं सगळं मी कॉपी केलंय. आत काय नाय आता.”

आत काय नाय!

गिरगावात फणसवाडीच्या बाजूला जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान आहे. मालकाचं नाव रघु. काचेच्या कपाटात माझ्यासारखे कितीतरी ओळीने मांडलेले होते. घासूनपुसून चकचकीत, सगळ्यांची पोटं रिकामी. ते कोणाच्या घरी होते, कोणाच्या बारशाला गेले होते, काहीच त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझं धाबं दणाणलं. मोडून पडायला मी भीत नाही, मित्रांनो. असं चकचकीत होऊन बसायला भितो.

अपेक्षाने दोन कॅमेरे निवडले, एक चपटा चंदेरी, एक जाडसर काळा. मला त्यांच्या शेजारी ठेवलं. मुलगी मोठी चौकस. तिने एकच कार्ड आळीपाळीने तिघांत घालून एकच फोटो काढायचं ठरवलं, म्हणजे फरक कळेल. फोटोला समोर विकास.

“पप्पा, हलू नको. हस जरा.”

“अगं, किती वेळा हसू?”

चंदेरीचं भिंग स्वच्छ होतं, पण त्याची बॅटरी आता बाजारात सहज मिळत नाही. काळ्याचं झूम खरं होतं. म्हणजे भिंगच पुढे सरकतं, नुसतं चित्र फुगवत नाही. उजेड कमी असला तरी त्याचा फोटो कमी दाणेदार येत होता. फक्त कोपऱ्यावर ओरखडा. माझ्या फोटोत विकासचा चेहरा पिवळा आला आणि बटण दाबल्यावर मी इतका वेळ लावला की त्याचं हसू संपून गेलं होतं. हरलो. हरण्याचं मला दुःख नव्हतं.

अपेक्षाने माझ्यातून कार्ड काढलं आणि काळ्यात घातलं. रघुने मला उचलून बटण दाबलं. कार्ड नव्हतं, त्यामुळे पडद्यावर आलं, मेमरी फुल.

“साहेब, आतली मेमरी भरलीय ह्याची,” रघु म्हणाला. “असाच काहीतरी कचरा असतो. मारतो साफ, मग एक्स्चेंजचं बघू.”

“मारा ना,” विकास म्हणाला. त्याचं लक्ष काळ्या कॅमेऱ्यात होतं.

रघुच्या अंगठ्याला सवय होती. एक, दोन बटणं, आणि माझ्या तोंडावर तो प्रश्न उमटला: ‘डिलीट ऑल?’ खाली येस आणि नो. पिवळी चौकट नो वर होती. अंगठ्याने ती येस वर नेली. वर कोपऱ्यात सेलची खूण लाल होऊन लुकलुकत होती. मी देवाला म्हटलं, सेल आत्ताच्या आत्ता संपू देत. इतकी वर्षं ज्या अंधाराची भीती वाटली, तोच मी मागत होतो.

तेवढ्यात अपेक्षाने विचारलं, “काका, ह्या काळ्यात व्हिडिओचा आवाज कसा येतो?”

रघु पक्का विक्रेता. अंगठा येस वरच ठेवून तो हसला. “फरक ऐकायचाय? थांब, आधी ह्या डब्याचा ऐक. मग ह्याचा ऐकवतो. तूच सांग.” आणि मला नावं ठेवण्यासाठी त्याने तो प्रश्न तसाच सोडून, मेनूतून मागे येऊन, पोटातलं जे होतं ते चालू केलं.

चटई दिसली. पावलं दिसली. आणि माझ्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरमधून साचेखात्याचा तो आवाज दुकानात घुमला, “बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या, बारा वहिवाटींच्या धन्या...”

“व्हय म्हाराजा!” विकास म्हणाला.

त्याला कळायच्या आत त्याच्या तोंडून ते निघालं होतं. हातही जोडले गेले होते. अपेक्षा त्याच्याकडे बघतच राहिली. आवाज पुढे गेला, “आमचो मूळपुरुष सखाराम, तेचो झील भिकाजी, तेंच्या पायाखालची ही लेकरां...” आता अपेक्षाही म्हणाली, “व्हय म्हाराजा!” तिसरा एक होकार आला तो काउंटरच्या पलीकडून. रघु मूळचा सावंतवाडीकडचा निघाला. त्याचा अंगठा अजून बटणाशीच होता.

“आनि म्हाराजा, संपात जी माणसां गिरणीच्या दारार बसली ती बसलीच, परत घराक इली नाय, तेंका कोन पानी घालूक नाय, तर तेंकाय आमच्या हातचां पानी पोचू दे...”

ही ती गिरणीची ओळ. विकास काउंटरवर ओणवा झाला. आणि तिथेच माझे सेल संपले. पडदा काळा झाला.

“गेलं?” विकास ओरडला. “शेठ, गेलं काय सगळं? तुम्ही दाबलंत?”

“नाय ओ, सेल गेले त्याचे. मी नाय दाबलं. आईशप्पथ नाय दाबलं.”

अपेक्षा धावत समोरच्या पानपट्टीवर गेली आणि नवे सेल घेऊन आली. पानपट्टीवर मिळतात म्हणूनच आजोबांनी मला घेतलं होतं. मला पुन्हा जाग आली, आणि त्या तिघांनी डोकी एकत्र करून पहिल्यापासून ऐकलं, थेट त्या अर्धवट “व्हय म्हा...” पर्यंत.

त्यांनी काळा कॅमेरा घेतला, आणि मला परत घरी नेलं. राधाबाई आजींनी मला कानाशी धरलं. मी बोलायला लागलो तशा त्या म्हणाल्या, “खंय होता रे इतके दिवस?” कोणाला म्हणाल्या, मला की आजोबांना, ते मला कळलं नाही.

परवा गणपती गेले. विकासने गाऱ्हाणं घातलं, हातात मोबाइल न घेता. मूळपुरुष सखाराम, त्याचा मुलगा भिकाजी, इथपर्यंत नीट आलं. मग तो थांबला. सगळ्यांना वाटलं, अडला. पण तो एक नाव वाढवत होता. “आनि तेचो झील रामदास,” तो म्हणाला. आजींचा होकार सगळ्यांच्या मागून, सावकाश आला.

माझ्या पोटातलं गाऱ्हाणं आता दुसरीकडेही उतरवून ठेवलं आहे. तरी माझी भीती गेलेली नाही. तुमच्या घरातल्या कपाटांत माझे भाऊबंद पडले आहेत, त्यांच्यासाठी वाटते. म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्यापुढे घालतो. बा मित्रांनो, नवा कॅमेरा घेताना दहा कॅमेरे पारखा, झूम बघा, भिंग बघा. पण जुना देऊन टाकण्याआधी त्याचे सेल बदला, कार्ड काढा, आणि तो काय दाखवतो ते एकदा शेवटपर्यंत ऐका. चटई दिसली म्हणून कचरा म्हणू नका. आमच्या पोटात कोणाचा आवाज आहे, हे आम्हाला सांगता येत नाही.

माझ्यापाशी शेवटचा होकार अर्धाच आहे. “व्हय म्हा...” पुढचं तुम्ही म्हणा.