चौथ्याचं काय करायचं

वर्षावासाचे तीन महिने आमच्या पोशीरच्या विहारात ग्रंथवाचन चालतं. वाचून झालं की दाराजवळच्या माणसापासून सुरुवात करून प्रत्येकाने आपलं मत सांगायचं आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही, असा आमचा नियम. यंदा ग्रंथ संपला तरी लोकांची सवय मोडेना, म्हणून दर रविवारी मी एक जुनी कादंबरी वाचायला घेतली. जहाजावरच्या एका सुताराची. चौघांनी मिळून जहाज जाळलं आणि आळ याच्यावर घातला. सुतार तुरुंगातून पळतो, नाव बदलून परत येतो आणि एकेकाला गाठतो. त्या रविवारी तिघांचा निकाल लागला होता. चौथा, म्हणजे कोर्टात खोटी साक्ष देणारा आचारी, त्याच्या तावडीत सापडला आणि मी पुस्तक मिटलं.

ऐकणाऱ्यांत नवनाथही होता. साजगावच्या एका कारखान्यात तो मुकादम. त्यानेच माझ्या भावाला, प्रीतमला, टाकी साफ करायला उतरवलं. आत गॅस होता. प्रीतमला वर काढलं तेव्हा तो गेलेलाच होता. मास्क दिला होता, प्रीतमनेच काढून ठेवला, असं नवनाथने पोलिसांना सांगितलं. तरी तो विहारात यायचा, कारण न येणं म्हणजे गावापुढे कबुली दिल्यासारखंच झालं असतं. माझ्या भावजयीला, रूपाला, वकिलाने बजावलं होतं की घरच्यांच्या शब्दाला वजन नाही, बाहेरचा कुणी बोलला तरच केस उभी राहील. असा कुणी आम्हाला मिळत नव्हता.

सुरुवात इंदूबाईंनी केली. भांडण पुस्तकातलं असलं तरी त्यांना चालतं. "मी आसती तर त्याला तसाच दर्यात ढकलला आसता. खोटं बोलून मानसाचा जल्म नासवला त्यानं. दया कसली करताय?"

विहाराचे अध्यक्ष रामभाऊ यांनी घसा साफ केला. "मग सुतारात आन त्याच्यात फरक काय ऱ्हायला? सोडून द्यावं. मन शांत होतं." दुसऱ्याच्या दुःखात मन शांत ठेवणं रामभाऊंना कधीच जड गेलं नाही.

रूपा म्हणाली, "मला मारनंबी नको आन माफीबी नको. त्या आचाऱ्यानं चारचौघांत खरं काय ते सांगावं. येवढंच."

नवनाथची पाळी आली. "माझं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. पण नियम म्हणजे नियम. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"तुमाला बोलाया काय जातं?" तो एकदम उसळला. "तो आचारी गरीब मानूस. मालक सांगतो, असंच बोल, नायतर तूबी घरी बस. पोरं शिकत्यात. तो काय करनार? शेडमदे मास्क नव्हतेच, तर तो देनार कुठून?"

पुस्तकात जहाज होतं, समुद्र होता. मास्क कुठेच नव्हता.

नियमाप्रमाणे त्याला कुणी तोडलं नाही. तो आपणच थांबला. चेहरा पांढराफटक पडला, आणि चपला हातात घेऊनच तो बाहेर गेला. इतका राग मला प्रीतम गेला त्या दिवशीही आला नव्हता, आणि खरं सांगते, त्यानंतर इतका आनंदही कधी झाला नव्हता.

रूपा उठली. "समद्यांनी ऐकलंत ना? कोर्टात येवढंच सांगा. इंदूमावशी, तुमी याल ना?"

इंदूबाईंनी पदर सारखा केला. "अगं, तो पुस्तकाबद्दल बोलत व्हता." मग हळूच म्हणाल्या, "माझा धाकला त्याच्याच हाताखाली हाय गं."

"विहारातलं बोलनं भायेर न्यायचं नसतं," रामभाऊ म्हणाले. असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं, तर ते खिडक्या लावायला गेले. बाकीचेही मान खाली घालून एकेक करत उठले. प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी त्या कारखान्यात होतंच.

आम्ही दोघीच उरलो. रूपाने सतरंजी गुंडाळली आणि तिच्यावरच बसली. "ताई, शेवट वाच."

मी वाचला. सुतार आचाऱ्याला सोडतो, जहाजात बसतो आणि कायमचा निघून जातो.

"त्याचं बरंय," रूपा म्हणाली. "मला उद्या नळावर इंदूमावशीच्या मागं हंडा लावायचाय."