आधी पुसा, मग भरा

कोणते औषध कोणत्या दुकानात आहे, हे सांगणारी ती वेबसाइट. माणसागणिक नवी यादी बनवायची तर सगळे गोगलगायीसारखे चालले असते, म्हणून एकच यादी सगळ्यांना दाखवायची आणि अधूनमधून ताजी करायची. हे काम काकांचे. काका म्हणजे ऑफिसातले सर्वांत म्हातारे, नाकावर बायकोचा गुलाबी चष्मा. दोघांचा नंबर एकच होता. ह्यांचा फुटल्यापासून एकाच चष्म्यावर दोघांचे भागत असे. आता तो ह्यांना एकट्याला पुरून उरतो.

नवे साहेब म्हणाले, "काका, आधी पुसा, मग भरा. एवढा कसला घोळ घालता?"

"भरेपर्यंत लोकांना काय दिसेल?"

"दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"

कोसळले. जुनी यादी पुसताच भर दुपारी साऱ्या शहरातली औषधे संपल्याचे लोकांना दिसले आणि फोन खणाणू लागले. साहेब तेवढ्यात मीटिंगमध्ये अडकले.

संध्याकाळी त्यांनीच सर्वांना नवी पद्धत समजावली. नवी यादी बाजूला पूर्ण तयार करायची, तपासायची, मग नव्याने येणाऱ्यांना ती द्यायची. जो जुनी वाचत बसलाय त्याच्या हातातून ओढायची नाही. त्याचे झाले की टाकायची. पद्धत काकांची होती. काकांनी मान डोलावली. साहेबांना तरी आता कळली होती.

घरी थोरली बहीण काकांच्या बायकोचे कपाट उपसून बसली होती.

"ताई, हे काय?"

"दीड वर्ष झालं तिला जाऊन. तुला स्थळ आलंय चांगलं. कपाट रिकामं झाल्याशिवाय नव्या माणसाला जागा कुठली?"

"आधी पुसा, मग भरा! तुला आमच्याकडे साहेबाची नोकरी मिळेल बघ."

"दात काढू नकोस. आणि तो चष्मा टाक पिशवीत. म्हाताऱ्या घोड्याला गुलाबी लगाम! लोक हसतात."

काकांनी कपड्यांकडे पाहिले. एकेकाची घडी घालून ते स्वतःच पिशवीत भरले. ताईला वाटले, गाडी रुळावर आली.

"कपडे ने. गरम आहेत, कुणाच्या तरी अंगाला लागतील."

"आणि चष्मा?"

"तो अजून वापरात आहे."

ताईने कपाळावर हात मारला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "बरं बाबा, निदान त्या बाईंनी काय लिहिलंय ते तरी वाच."

काकांनी खिशातून गुलाबी चष्मा काढला, नाकावर चढवला आणि वाचू लागले.