कोणती टाळू?

ही नवी डॉक्टरीण मला पहिल्या दिवसापासून खटकली. आल्या आल्या तिने मला कपाटातून काढलं, उजेडात धरलं, काठावरून बोट फिरवलं, नळी ताणून पाहिली. सून आली की सासूची भांडी वाजवून बघते, तशी.

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी वाटी आहे. बाळ वाटेत अडलं आणि आई थकली, की मला बाळाच्या डोक्यावर बसवतात, पंपाने हवा ओढून चिकटवतात आणि कळ आली की ओढतात. कुणाला ओरखडा येऊ नये म्हणून कारखान्यात माझा काठ घासून घासून गुळगुळीत केला. किती बाळं उजेडात आणली, मला मोजता येत नाही. शाळा शिकले नाही, पण माझा अंगठा उठतो. बाळाच्या डोक्यावर गोल फुगवटा येतो, दोन दिवसांत ओसरतो. मला कुठे बसवलं होतं ते त्यावर दिसतं. तिथे कुणाची थाप चालत नाही. पुढे प्लास्टिकच्या वाट्या आल्या आणि मी कपाटात मागे सरकले.

त्या दुपारी प्लास्टिकच्या संपल्या, तेव्हा माझी आठवण झाली. टेबलावरची बाई जोर करून करून गळून गेली होती. बाळाचे ठोके मंदावत होते. आणि ही आपली बाळाचं डोकं बोटाने चाचपत बसलेली. मला वाटलं, हिला येत नाही, नुसता वेळ काढते आहे. सिस्टरनेही दोनदा विचारलं, टाळू लागली का? लागली, म्हणाली. मला बसवलं, आणि पंप मारायच्या आत काढलंही. जेवायला बसलेल्याला ताटावरून उठवावं तसं.

"मॅडम, टाळू लागली म्हणालात ना?" सिस्टरचा आवाज चढला.

"ती पुढची, मोठी. मला मागची हवी. छोटी, तीन कोनांची."

सारवासारव, दुसरं काय! पुढच्या टाळूपाशी ओढलं तर बाळाची मान मागे जाते आणि डोकं आणखी अडतं, हे मला ठाऊक. हिला कुठलं ठाऊक असायला? पण तिचं बोट डोक्याच्या मधल्या सांध्यावरून मागे मागे गेलं आणि थांबलं. छोट्या टाळूच्या दोन बोटं पुढे, त्याच सांध्यावर, तिने माझा मध्य ठेवला. आईची कातडी काठाखाली अडकली नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. मग पंप. कळ आली, बाईने जोर लावला, हिने ओढलं. बाळाची हनुवटी छातीला टेकली आणि डोकं सरकत बाहेर आलं.

बाळ रडलं, बाई हसली. मी रडण्याला भुलत नाही. मी आधी डोकं पाहिलं. माझा गोल अंगठा मागच्या बाजूला, अगदी मधोमध.

मित्रांनो, जुनी वस्तू नीट धुवा, तिचा काठ तपासा, नळी चिरली तर बदला. पण ती कुठे ठेवायची हे कळेपर्यंत हात आवरा, मग शेजारी कुणी कितीही घाई करो.

डॉक्टरीण मला स्वतः धूत होती. नळीत अडकलेलं पाणी फुसफुसलं, तेवढ्यात मी बोलून घेतलं.

"पोरी, हात बरा आहे तुझा. पण उद्याही दोन्ही टाळू चाचपूनच मला बसव. मी अंगठा बघणार आहे."