कानाडोळा

"झालं. आता यांच्या वाटचंही मीच ऐकायचं."

कोपायलट पुटपुटली ती स्वतःशीच. मान खाली, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. एरवी इतकं हळू बोललेलं कॅप्टनच्या कानापर्यंत पोहोचत नसे, जरी दोघांच्या खुर्च्यांत हातभरच अंतर होतं. पण तिच्या तोंडापुढचा माईक चालू राहिला होता आणि कॅप्टनने आपल्या हेडफोनचा आवाज पार शेवटच्या टोकापर्यंत पिळून ठेवला होता. गेलं वर्षभर ते बटण तिथेच असे. त्यामुळे तिचं पुटपुटणं श्वासासकट थेट त्याच्या डोक्यात जाऊन बसलं.

घडलं होतं एवढंच. त्या दिवशी विमान ती चालवणार होती, म्हणून टॉवरशी बोलायचं काम त्याच्याकडे होतं. टॉवरने जे सांगितलं ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. टॉवरने पुढे यायला सांगितलं होतं दुसऱ्याच एका विमानाला, आणि कॅप्टनने ते आपल्यालाच समजून खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. तिने घाईने आपलं बटण दाबलं आणि चूक निस्तरली. "आम्ही थांबतोय. जागेवरच थांबतोय." आठवड्यातली ही दुसरी खेप.

"सॉरी हं," कॅप्टन म्हणाला. "टॉवरवाला हल्ली तोंडात गोळी धरून बोलतो."

"हो ना सर," ती म्हणाली.

तिचं पुटपुटणं आपण ऐकलं, हे त्याने दाखवलं नाही. कानाडोळा केला. कानाडोळा हा शब्द ज्या कुणी काढला त्याने बहुतेक पायलटच्या बायकोशी किंवा कोपायलटशी आधी बोलून घेतलं असावं. कारण कॅप्टनच्या कानांकडे गेलं वर्षभर सगळेच डोळे मिटून बघत होते.

शुक्रवारी वार्षिक तपासणी होती. डोळे, रक्तदाब, हृदय, कान. वय चोपन्न. कानात नापास झाला तर खुर्ची गेली. काही महिन्यांसाठी की कायमची, ते पुढचं पुढे.

कंपनीच्या जेटचा पायलट म्हणजे रुबाबाचं काम, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात चाळीस मिनिटं उडायचं आणि सात तास वाट बघायची. मागे आठ खुर्च्या, त्यांत मोठे साहेब आणि त्यांची माणसं. साहेब जाताना सांगून जात, "दोन तासांत येतो," आणि मीटिंग मारुतीच्या शेपटासारखी लांबत जाई. बाकीचे पायलट अशा वेळी विमानतळावरच्या सोफ्यावर आडवे होतात. कॅप्टन विमानाच्या शेपटाकडचं सामानाचं दार उघडून बॅगांच्या मागून आपली घडीची सायकल काढी. तीन बिजागऱ्या, दोन कड्या, दीड मिनिटात तयार.

मोठ्या साहेबांना सायकलचं काही वाटत नसे. मोटरसायकलचं मात्र फार वाटे. "कॅप्टन, मला माझ्या जिवाची काळजी आहे, म्हणून तुमच्या हाडांची काळजी आहे," असं ते दर सुट्टीच्या आधी ऐकवत. कॅप्टन हसून मान हलवी आणि सुट्टीत मोटरसायकल काढी. त्याचं म्हणणं असं, की जेटमध्ये वारा कुठे असतो? सगळ्या जगाचा वारा काचेबाहेर, आणि आत आपण फ्रिजमधल्या भाजीसारखे. खाली उतरलं की वारा तोंडावर पाहिजे. तो वारा त्याने तीस वर्षं, बिनकाचेच्या हेल्मेटने, दोन्ही कानांत मनमुराद घेतला होता. कान जेटने खाल्ले, मोटरसायकलने खाल्ले की वयाने, आता बोट कुणाकडे दाखवणार? तिघांनी मिळून पंगत केली होती.

त्या दिवशी तो कालव्याच्या कडेच्या रस्त्याने निघाला. ऊन कोवळं होतं, रस्ता सपाट होता. पायाला लय सापडली, आणि सकाळचं पुटपुटणं मागे पडतंय असं वाटायला लागलं, तेवढ्यात त्याच्या कोपराला घासून एक बाई पुढे गेल्या. सायकलला मोठी टोपली, टोपलीत टपालाची थैली. पाय टेकवून त्या वळल्या. तोंड चांगलंच सुटलं होतं, पण शेवटचंच काय ते त्याला कळलं.

"…कधीची घंटी वाजवतेय मी! बोट दुखायला लागलं माझं!"

"माफ करा. विचारात होतो."

"विचार घरी करा. रस्ता काय विचार करायला बांधलाय?" असं म्हणून बाई गेल्या.

कॅप्टन बाकाजवळ थांबला. बाकावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. कॅप्टनने आपल्याच सायकलच्या घंटीवर अंगठा ठेवला आणि दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. अंगठ्याला खटका जाणवला, वाटीची थरथर तळव्यात उतरली. घंटी वाजत होती, यात शंका नव्हती. वर्तमानपत्रामागून गृहस्थांनी डोकंसुद्धा वर काढलं. कॅप्टनने वाकून कान थेट घंटीला लावला आणि दाबला. तेव्हा कुठे, फार लांब, चिमणीच्या चोचीतून दाणा पडावा तेवढं काहीतरी झालं. की झालं असं वाटलं.

"बिघडलीय का?" गृहस्थांनी विचारलं. हे मात्र त्याला ऐकू आलं. आवाज घोगरा आणि जाड होता.

"नाही. घंटी चांगली आहे," कॅप्टन म्हणाला आणि जरा वेळ तसाच, सायकलच्या मुठीपाशी वाकून उभा राहिला.

दुपारी परतीची तयारी चालली असताना कोपायलट म्हणाली, "सर, जाताना तुम्ही चालवा. टॉवरशी मी बोलते."

"का गं? दमलीस?"

"हो. दमले."

सकाळपासून ती सोफ्यावर पाय पसरून बसली होती आणि चेहरा ताज्या फुलासारखा होता. दोघांनी आपापल्या समोरच्या घड्याळांकडे बघितलं.

"शुक्रवारी तपासणी ना तुमची?" तिने विचारलं.

"शुक्रवारी."

ती आणखी काही बोलणार होती. ओठ उघडलेले त्याने बघितले. हल्ली तो लोकांच्या ओठांकडेच बघे. पण पायऱ्यांवर साहेबांचे बूट आले आणि तिने तोंड मिटलं. ती का बोलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी, नवीन असताना, तिने एकदा विमान धावपट्टीवर इतकं आपटलं होतं की मागे साहेबांची कॉफी छताला लागली. ऑफिसने विचारलं तेव्हा कॅप्टन म्हणाला होता, "वारा होता." वारा बिलकुल नव्हता. आता ती त्याच्यासाठी "वारा होता" म्हणत होती. हवेत असे उपकार फेडायचे नसतात, हेही त्यानेच तिला शिकवायला हवं होतं.

गुरुवारी सुट्टी. सकाळपासून तो घरामागच्या शेडमध्ये होता. तिथे त्याच्या दोन मोटरसायकली, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने, आणि एक जुनी स्वयंपाकघरातली खुर्ची, जी बायकोने तीनदा फेकली आणि त्याने तीनदा परत आणली.

बायको शाळेत गणित शिकवी. तिचा आवाज फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत न थांबता जाई, आणि कॅप्टनचा सगळा भरवसा त्या आवाजावर होता. "तुझं ऐकू येतं म्हणजे माझे कान ठणठणीत," असं तो म्हणे. गेल्या दोन वर्षांत ती एकेक पट्टी वर चढत गेली होती. मागच्याच महिन्यात वैतागून म्हणाली होती, "आपल्या घरातली प्रत्येक गोष्ट शेजाऱ्यांना कळते. तुम्हालाच तेवढी कळत नाही." आणि मग, आपण जास्त बोललो असं वाटून, कपडे वाळत घालायला निघून गेली होती. मोटरसायकलवर मागे बसली की आता ती बोलतच नसे. खांद्यावर एकदा थाप म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांबा. पूर्वी याच खांद्यावर हनुवटी टेकून ती तासन्‌तास बडबडे.

अकराच्या सुमाराला मिस्त्री आला. कोपऱ्यावर त्याचं गॅरेज होतं आणि एखादी गाडी अडली की तो ती ढकलत कॅप्टनकडे आणी. वीस वर्षांचा परिपाठ. लोक डॉक्टरचा हात म्हणतात तसं मिस्त्री कॅप्टनचा कान म्हणे.

"कॅप्टन, जरा कान द्या हिला," म्हणत त्याने किक मारली.

एका सिलिंडरची जुनी गाडी. तिचे जाड ठोके कॅप्टनच्या छातीत उतरले, ओळीने, एकसारखे. फार सुरेख. पूर्वी या ठोक्यांच्या वर त्याला आणखी काय काय ऐकू येई: साखळीची कुजबुज, इंजिनातलं टॅपेट सैल असेल तर बारीक टिकटिक. एकदा तर त्याने रस्त्यावरून जाणारी गाडी नुसती ऐकून तिच्या मालकाला थांबवलं होतं. आता त्याने डोळे मिटले, मान तिरकी केली. ठोके तेवढे आले.

"झकास आहे," तो म्हणाला. "काही नाही हिला."

डोळे उघडले तेव्हा मिस्त्री त्याच्याकडे बघत नव्हता. चहाचे कप घेऊन दारात आलेल्या बायकोकडे बघत होता, आणि बायको कुंडीकडे.

"झकासच आहे," मिस्त्री म्हणाला. "तरी उघडून बघतो. हात शिवशिवतायत नुसते."

त्याने झाकण उघडलं. पाठ कॅप्टनकडे करून तो टॅपेटचा नट आवळत राहिला, पान्याचा हलका हात, जणू काही करतच नाहीये. परत किक मारली तेव्हा बायकोच्या कपाळावरची आठी गेली. म्हणजे तिलाही ऐकू येत होती ती टिकटिक. तिला, जिला पाना आणि पकड यांतला फरक तीस वर्षांत कळला नव्हता.

मिस्त्री गेल्यावर ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हल्ली ती कायम समोरच येई.

"उद्या मी येऊ तुमच्याबरोबर? डॉक्टरांकडे?"

"कशाला? शाळा?"

"सुट्टी आहे."

शुक्रवारी कसली सुट्टी, असं त्याने विचारलं नाही. गणिताची मास्तरीण, पण खोटं बोलताना तिला कधी हातचा धरता आला नाही.

डॉक्टर त्याचा जुना मित्र. गेली वीस वर्षं दर वर्षी हाच तिसरा मजला, हीच हिरवट भिंत, हाच वजनकाटा, जो सगळ्यांनाच दोन किलो जास्त दाखवी.

"या वहिनी, आज पहारा का?" डॉक्टर म्हणाले. "आणि तू, शर्ट काढ. पोट आत घेऊ नकोस, मला दिसतं."

हृदय झालं. रक्तदाब झाला. डोळ्यांचा तक्ता त्याने खालच्या ओळीपर्यंत वाचला. बायको भिंतीजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"यंदा यंत्रात बसायचं नाही, नुसती तोंडी परीक्षा. जा, उभा राहा," डॉक्टर म्हणाले.

कॅप्टन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, वर्गातल्या मुलासारखा. रीत अशी, की डॉक्टर मागे सहा पावलांवर उभे राहून कुजबुजत तीन आकडे सांगणार आणि याने ते म्हणून दाखवायचे. आता डॉक्टर माणूस हुशार, पण आळशी. वीस वर्षांत त्यांनी आकडे कधी बदलले नव्हते.

कॅप्टनने वाट बघितली. पुरेसा वेळ गेला, असं वाटल्यावर तो स्वच्छ आवाजात म्हणाला, "सदुसष्ट. एकोणीस. बेचाळीस."

मागून काहीच आलं नाही. शाबासकी नाही, हसू नाही. त्याने वळून बघितलं.

डॉक्टर टेबलापाशीच होते. कोटाच्या टोकाने चष्मा पुसत होते. पुसता पुसता ते थांबले होते. बायकोने पर्स घट्ट धरली होती.

"अरे," डॉक्टर सावकाश म्हणाले, "मी अजून बोललोच नाही."

मग डॉक्टर जरा जास्तच मोठ्याने हसले. "पाठ करून टाकलंस की लेका! माझीच चूक, पुढच्या वर्षी नवीन काढतो. पण तिन्ही बरोबर. तिन्ही बरोबर आहेत हो वहिनी!" त्यांनी कागद पुढे ओढला, चष्मा लावला आणि शिक्क्याचा डबा उघडला. कॅप्टनकडे त्यांनी वर बघितलं नाही. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे.

कॅप्टनला त्या क्षणी साहेब आठवले नाहीत, पगार नाही, खुर्चीही नाही. त्याला ती मांडीवर कागद घेऊन बसलेली पोरगी दिसली. दोन माणसांचं एकटीने ऐकणारी. तिच्याकडून एकदा, एकदाच, ऐकायचं राहून गेलं तर मागे आठ खुर्च्या होत्या.

शिक्का शाईवरून उचलला गेला.

"थांब," तो म्हणाला. आपला आवाज किती चढलाय ते त्याला कळलं नाही. बाहेर बाकावर बसलेल्यांनीसुद्धा माना वळवल्या. "शिक्का मारू नकोस. मला ऐकू येत नाही."