शिळं पाणी

सोमवारी सकाळी माझ्या समुद्री गोगलगायीनं आपलं डोकं धडापासून वेगळं केलं, आणि दुपारी सुदर्शन सरांनी माझ्या पीएच.डी.चा विषय निकालात काढला.

"मेली ती," फोटो पाहून ते म्हणाले. "चार आणल्यास, चारही गेल्या. रूपाली, भावसिंगपुऱ्यात समुद्र नाही. गांडुळावर काम कर."

"मेली नाही, सर. ही जातच असं करते. डोकं जुनं धड टाकून देतं आणि नवं उगवतं. तीन आठवड्यांत."

"लेखात वाचलंस ते. बारा जूनला समिती बसतेय. जिवंत, अख्खी, हृदय चालू असलेली दाखव. नाहीतर विषय बदलल्याचा अर्ज घेऊन ये."

मला कुणी 'जमणार नाही' म्हटलं की मी हट्टाला पेटते. हा माझा गुण आहे की खोड, यावर घरात एकमत नाही.

तिचं शास्त्रीय नाव एलिसिया मार्जिनाटा. पाठीवर शंख नाही. बोटाच्या पेराएवढी, पालकाच्या पानासारखी हिरवी, कडेला काळी-नारंगी रेघ. शेवाळ खाते आणि त्यातला हिरवेपणा अंगात साठवून उन्हाचाही उपयोग करून घेते. हृदय धडात राहिलेलं, तरी ते नुसतं डोकं त्याच संध्याकाळी सरपटत शेवाळापाशी गेलं आणि खायला लागलं. मी त्याच्यासमोर पाऊण तास बसून होते. माझ्यापेक्षा हट्टी कुणीतरी आहे हे पाहून मला फार बरं वाटलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून काचेचं भांडं आमच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीत. दुपारी पारा बेचाळीसवर. दर तासाला भांड्याला बर्फाची बाटली टेकवायची, आणि रोज थोडं पाणी बदलायचं. ते पाणी मी रत्नागिरीहून दोन कॅनमध्ये आणलं होतं. आधीच्या तिघी पाकिटातलं मीठ कालवलेल्या पाण्यात गेल्या होत्या. तो प्रयोग मला पुन्हा करायचा नव्हता.

पुढच्या मंगळवारी नळ आला. आमच्याकडे तो आठ दिवसांनी येतो, आणि आला की घरातलं आधीचं सगळं पाणी त्या क्षणी शिळं होतं. मग ड्रम अर्धा का असेना, ओतायचा, घासायचा, ताजं भरायचं. सगळी गल्ली तेच करते. मी बर्फ आणायला गेले होते. परत आले तर दोन्ही कॅन घासून लख्ख, काठोकाठ भरून, दाराशी ठेवलेले.

"लई वास येत व्हता, रुपे," आई पदराला हात पुसत म्हणाली. "शिळं सांडलं अन् ताजं भरलं."

मी तिला जे बोलले ते इथं लिहीत नाही. बोलून झाल्यावर लक्षात आलं, त्या कॅनमध्ये काय आहे हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. समितीसाठी चाळीस पानं लिहिली होती. आईला एक वाक्य नाही. मला स्वतःची लाज वाटली, पण माफी मागायला तोंड उघडेना.

आई भांड्याजवळ गेली. बराच वेळ डोक्याकडे पाहत राहिली.

"ह्याला समुद्राचंच पाणी लागतं?"

"व्हय."

"अन् तुला इथून हलता येत नाय."

"बर्फ कोण लावणार?"

"मग मी जाते. शाळंत खिचडी शिजवायचं काम सुट्टीत बंदच हाय."

माझ्या आईचं नाव पारूबाई. पैठणच्या पुढं कधी गेली नव्हती. त्याच दिवशी ती दोन्ही कॅन घेऊन पुण्याच्या एसटीत बसली. तिथून दापोली, तिथून हर्णे. इकडे भांड्यातलं पाणी गढूळत गेलं. डोकं खायचं थांबलं, तरी काचेला चिकटून होतं.

बुधवारी दुपारी फोन आला. मागं लाटांचा आवाज.

"रुपे, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी हाय. कुठलं भरू? कडंचं का आतलं?"

"दगडांपाशी घे. भरतीचं, निवळ. आत्ता ओहोटी असंल."

"मग थांबते भरती येईस्तोवर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. चार तास थांबली.

गुरुवारी संध्याकाळी ती दोन्ही हातांत कॅन धरून बसस्टँडवर उतरली. वाटेत कंडक्टरनं विचारलं होतं, मावशी, रॉकेल-बिकेल नाय ना? तर हिनं झाकण उघडून दाखवलं आणि सांगितलं, समुद्र हाय.

पाणी बदललं. तासाभरात डोकं हललं. मी भिंग लावलं, आणि मानेमागच्या नव्या कोंबात एक ठिपका आकसत होता, फुगत होता. मी आईला भिंग दिलं.

"हे हृदय. सोमवारी नव्हतं."

"आता हाय," आई म्हणाली. तेव्हा कुठं मी तिची माफी मागितली.

बारा जूनला सुदर्शन सर सूक्ष्मदर्शकावर इतका वेळ वाकून राहिले की बाकीचे सदस्य घड्याळ बघायला लागले. अख्खी हिरवी गोगलगाय त्यांच्यासमोर शेवाळ खात होती. "विषय राहू दे," ते म्हणाले. मग डोकं वर करून, "पाणी कुणी आणलं?"

"माझ्या आईनं."

त्यांनी ते लिहून घेतलं.

एकोणीसला पुन्हा नळ आला. गल्लीत ओतण्या-घासण्याची एकच घाई. शेजारच्या चंपाबाई मदतीला आल्या आणि खिडकीखालचा कॅन त्यांनी उचललाच. "पारूबाई, ह्यो शिळा दिसतोय, सांडू का?"

आई हातातला ड्रम तसाच सोडून धावली.

"ठेव खाली! ते शिळं व्हत नाय. भरती येईस्तोवर थांबून आणलंय मी."